थेट परकीय गुंतवणूक आणि क्षेत्रनिहाय वाढ : ठाणे-बेलापूर पट्टा

परदेशी कंपनीने दुसऱ्या देशातील उद्योगात दीर्घकाळ हितसंबंध राखण्यासाठी आणि कारभारात वाटा मिळवण्यासाठी घातलेले भांडवल म्हणजे थेट परकीय गुंतवणूक. मताधिकार असलेले किमान १० टक्के भागभांडवल हा तिचा आंतरराष्ट्रीय निकष आहे.

विकसनशील देशांत हा पैसा सगळीकडे सारखा फळत नाही. अर्थतज्ज्ञ लॉरा अल्फारो यांनी २००३ मध्ये ४७ देशांची आकडेवारी तपासली. कारखानदारीतील गुंतवणुकीने वाढीला हातभार लावला, शेती-खाणींतील गुंतवणुकीचा परिणाम उलट दिसला आणि सेवांबाबत कौल संदिग्ध राहिला. खाण कंपनी यंत्रे बाहेरून आणते, खनिज बाहेर नेते. गावाशी तिचा व्यवहार मजुरीपुरताच उरतो. कारखान्याला मात्र सुटे भाग, साचे, पॅकिंग जवळपासच लागते. माल वारंवार नाकारला गेला की पुरवठादार मोजमाप शिकतो, आणि ते कौशल्य तो दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कामातही वापरतो. लिथुएनियातील कारखान्यांवरच्या २००४ च्या अभ्यासात हाच पुरवठ्याचा धागा सापडला.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर हा फरक उघड दिसतो. सीमेन्स या जर्मन कंपनीचा कळव्याचा कारखाना आणि रबाळे-महापे एमआयडीसीतले जॉबवर्क (दुसऱ्या कारखान्यांची कामे करून देणे) करणारे गाळे याच पट्ट्यात आहेत. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने बहुतेक उद्योगांत परकीय वाटा ४० टक्क्यांवर रोखला होता. १९९१ च्या धोरणाने ३४ उद्योगगटांत ५१ टक्क्यांपर्यंत आपोआप मंजुरी दिली. पुढे ओघ सेवांकडे वळला. उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरात पी अँड ओ या परदेशी कंपनीच्या पुढाकाराने देशातले पहिले खासगी कंटेनर टर्मिनल १९९९ मध्ये सुरू झाले. बंदराची सेवा सुधारली की तिचा लाभ निर्यात करणाऱ्या प्रत्येक कारखान्याला मिळतो, म्हणून ‘सेवा’ हा एकच रकाना फसवा आहे. ऐरोली-महाप्याची डेटा सेंटर, म्हणजे संगणकीय माहिती साठवणारी केंद्रे, त्याच रकान्यात मोडतात. त्यांत भांडवल प्रचंड, विजेचा खप मोठा, पण उभारणी संपल्यावर माणसे थोडीच लागतात.

शिक्षणाचा किमान पाया असेल तरच परकीय तंत्र देशात मुरते, असे १९९८ च्या एका गाजलेल्या अभ्यासाने दाखवले. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. त्या परकीय कंपन्यांसाठी नव्हे, शहरासाठी घेतल्या गेल्या. तरीही गुंतवणुकीच्या हिशेबात या गावांतल्या आगरी-कोळी घरांतल्या मुलांना आयटीआयच्या जागा किती आणि कारखान्यात कायम नोकऱ्या किती, हे प्रश्न आधी यायला हवेत.