आयुष्मान कार्डावर मेडिकलमध्ये औषधं फुकट?

‘कार्ड दाखवा, कुठल्याही मेडिकलमधून औषधं मोफत घ्या,’ हा मेसेज नाशिकच्या ग्रुपांवर फिरतच असतो. तसं नाही. आयुष्मान भारत योजनेचं वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांचं हे संरक्षण भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. गैरसमज होणं साहजिक आहे, कारण औषधं मिळतात, पण भरतीशी जोडूनच: भरतीआधीचे ३ दिवस, डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंत. गोंधळ डिस्चार्जच्या वेळी होतो. घाईत औषधं न घेता लोक निघतात, बाहेरून विकत घेतात. योजना मात्र कॅशलेस आहे, म्हणजे या औषधांसाठी खिशातून पैसे द्यायचे नसतात. म्हणून निघण्याआधीच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, विचारा. खात्री करायची तर योजनेच्या १४५५५ या हेल्पलाइनवर फोन लावा. रोजच्या गोळ्यांसाठी जिल्हा रुग्णालयाची ओपीडी किंवा जनऔषधी दुकान. सरकारी रुग्णालयात त्या मोफत मिळतात; जनऔषधीत स्वस्त मिळतात, फुकट नव्हे.