टी पेशी आणि मॅक्रोफेज: मधुमेहात स्वादुपिंड कोण बिघडवते, कोण सावरते

‘रोगप्रतिकारक पेशी स्वादुपिंडावर हल्ला करतात आणि मधुमेह होतो’ असे सरसकट म्हटले जाते, आणि त्यात टी पेशी (ठरावीक लक्ष्य ओळखून हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी) व मॅक्रोफेज (जंतू आणि कचरा गिळणाऱ्या पेशी) या दोन निराळ्या पेशी एकाच खटल्यातल्या आरोपी ठरतात.

इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी स्वादुपिंडात विखुरलेल्या पुंजक्यांत असतात. पाउल लांगरहान्स यांनी १८६९ मध्ये वर्णन केलेली हीच ती लँगरहॅन्सची बेटे. टाइप १ मधुमेहात या बेटांत शिरून बीटा पेशी मारण्याचे मुख्य काम मारक टी पेशींचे असते आणि त्यांचा नेम पक्का असतो. शेजारच्या, रक्तातली साखर वाढवणारे ग्लुकॅगॉन बनवणाऱ्या अल्फा पेशी बहुतांशी शाबूत राहतात. अशा रुग्णाच्या स्वादुपिंडाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर एका खंडिकेतल्या (स्वादुपिंडाच्या एका लहान भागातल्या) बेटांत बीटा पेशी औषधालाही उरलेल्या नसतात, आणि लगतच्या खंडिकेत मात्र त्या जागच्या जागी दिसतात. (रक्तात सापडणारी, बीटा पेशींतल्या जीएडी या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे या प्रक्रियेची खूण आहेत, प्रत्यक्ष मारेकरी ती नव्हेत.)

मॅक्रोफेज मात्र निरोगी बेटांतही वस्तीला असतात. टाइप २ मध्ये बेटांत साचणारे अमायलॉइड (प्रथिनाचे साठे) गिळताना ते इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाह वाढवणारे रसायन सोडतात आणि आधीच थकलेल्या बीटा पेशींना त्याचा त्रास होतो. टाइप १ च्या दाहातही ते सापडतात, त्यामुळे गोंधळ वाढतो. तरीही त्यांना केवळ खलनायक ठरवणे मला चुकीचे वाटते. उंदरांच्या स्वादुपिंडाची नलिका बांधून इजा केली असता तिथे जमलेले मॅक्रोफेज बीटा पेशींच्या विभाजनाला चालना देतात आणि ते काढून टाकले की ही वाढ मंदावते, असे प्रयोगांत दिसले आहे. प्रौढ माणसाच्या बीटा पेशी मुळात क्वचितच विभागतात, म्हणून उंदरांवरच्या या निष्कर्षांच्या जोरावर ‘स्वादुपिंड पुन्हा वाढवा’ अशा जाहिराती करणे निव्वळ फसवणूक आहे.

उपचारांतही हा भेद दिसतो. टी पेशींना लगाम घालणाऱ्या टेप्लिझुमॅबने चाचणीत टाइप १ ची सुरुवात सुमारे दोन वर्षे लांबवली आणि २०२२ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. याउलट, इंटरल्यूकिन-१ बीटा रोखणाऱ्या कॅनाकिनुमॅबने १०,००० हून अधिक हृदयरुग्णांच्या चाचणीत नव्या मधुमेहाचे प्रमाण घटले नाही. टाइप १ मध्ये नव्या बीटा पेशी उगवल्या, तरी जुन्या टी पेशींना त्यांची ओळख असतेच. दात्याची बेटे बसवलेल्या रुग्णालाही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू ठेवावी लागतात, कारण तिथे परक्या ऊतीला होणाऱ्या विरोधात या जुन्या वैराची भर पडते.