जमिनीतला गारवा वेगळा, समुद्रातला वेगळा: मार्सेच्या ऑफिसांचं 'जिओथर्मल' नक्की कुठलं?

फ्रान्समधल्या मार्से बंदराच्या नव्या ऑफिस टॉवर्सबद्दल वाचायला लागलं की जिओथर्मल हा शब्द हमखास येतो, आणि तो वाचला की आपल्याला वाटतं जमिनीत खोल बोअर मारलंय आणि खालून उष्णता वर येतेय. पण ज्या बिल्डिंगचं हे वर्णन असतं, म्हणजे फ्रेंच आर्किटेक्ट ज्याँ नूव्हेलने डिझाइन केलेला 135 मीटर उंच ला मार्सेयेज टॉवर, 2018 चा, त्याचं एसी चालतं समुद्राच्या पाण्यावर. बंदरातच थासालिया नावाचा प्लांट आहे, 2016 मध्ये सुरू झालेला, तो समुद्राचं पाणी ओढतो आणि पाइपांच्या जाळ्यातून आसपासच्या बिल्डिंगांना गरम आणि गार पाणी पुरवतो. फ्रेंच लोक स्वतःच याला 'सागरी जिओथर्मल' म्हणतात, घोळ तिथूनच सुरू होतो.

दोन्हीत मशीन एकच असतं, हीट पंप. घरच्या फ्रीजच्या मागे हात लावून बघा, आतली उष्णता उचलून बाहेर टाकलेली हाताला लागते, तेच काम मोठ्या प्रमाणावर. फरक आहे तो उष्णता आणायची कुठून आणि टाकायची कुठे यात.

जमिनीचं म्हणाल तर गावच्या विहिरीचं पाणी आठवा, भर उन्हाळ्यात गार लागतं आणि थंडीत पहाटे त्यातून वाफा निघतात. पाण्याचं तापमान जवळपास तेवढंच असतं, बदलते ती हवा. दहा-पंधरा मीटरखाली तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर राहतं, म्हणून बोअरमध्ये प्लास्टिकचे पाइप सोडून त्यात पाणी फिरवलं की झालं, मीठ नाही, गंज नाही, देखभाल कमी. समुद्राचं तापमान मात्र हलतं, कारण ती उष्णता मुळात सूर्याची, पृथ्वीच्या पोटातली नाही. मार्सेला हिवाळ्यात पाणी 13-14 अंशांवर येतं, उन्हाळ्यात विशीच्या बरंच वर जातं. त्यात तिथला मिस्त्राल वारा, उत्तरेकडून जोरात सुटला की वरचं कोमट पाणी खुल्या समुद्राकडे ढकलतो आणि खालचं थंड पाणी वर येतं, ऐन उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत समुद्र कित्येक अंशांनी गार होतो! आणि पाणी पुरेसं थंड असेल तेव्हा हीट पंपातला कॉम्प्रेसर चालवायचीही गरज नसते, नुसत्या हीट एक्स्चेंजरवर, म्हणजे दोन पाणी न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या प्लेटांवर, काम भागतं.

आता खरा मुद्दा. ऑफिस म्हणजे माणसं, कॉम्प्युटर, काचा, ऊन. भूमध्य किनाऱ्यावर अशा बिल्डिंगला गरम करण्यापेक्षा गार करायचंच काम जास्त, म्हणजे वर्षानुवर्षं उष्णता बाहेर टाकतच राहायचं. थंड देशात उन्हाळ्यात जमिनीत टाकलेली उष्णता हिवाळ्यात परत काढून घेतात, हिशोब जुळतो. मार्सेला तो जुळत नाही, बोअरभोवतीची जमीन हळूहळू तापत जाते आणि दरवर्षी तेवढ्याच गारव्याला जास्त वीज लागते. समुद्रात ती उष्णता साठून बसत नाही, पाणी तिला घेऊन जातं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, अगदी पाण्याला लागून असलेल्या मोठ्या ऑफिसला समुद्रच बरा, आणि वर गच्चीवर कूलिंग टॉवर नको म्हणजे रोज वाफ होऊन जाणारं गोडं पाणीही वाचतं.

पण समुद्र फुकट नाही हं. खारं पाणी साधं स्टील खाऊन टाकतं, म्हणून एक्स्चेंजरच्या प्लेट टायटॅनियमच्या लागतात, पाइपांत शिंपले आणि शेवाळ धरतं ते सतत काढत राहावं लागतं, आणि परत सोडायचं पाणी फार गरम असून चालत नाही, नाहीतर तिथल्या जीवांवर ताण येतो. एवढा खर्च एकट्या बिल्डिंगला परवडत नाही म्हणूनच जाळं. ला मार्सेयेजच्या शेजारची एकोणिसाव्या शतकातली गोदामं, ले डॉक, तब्बल 365 मीटर लांब, आता ऑफिसं आणि दुकानं झालेली, तीही याच जाळ्यावर आहेत, मला ही गोष्ट नव्या टॉवरपेक्षा जास्त आवडते.

आणि टाकायची उष्णता मुळात कमी करणं हे दोन्हीच्या आधी येतं. नूव्हेलच्या टॉवरला काचेच्या बाहेरून खास काँक्रीटचे पट्टे आहेत, ऊन काचेपर्यंत पोचायच्या आधीच अडवणारे. आतून पडदा लावून तो फायदा मिळत नाही, उष्णता तोवर आत आलेली असते.

मुंबईत हे का नाही करत असं कुणीतरी विचारणारच. मे महिन्यात आपला समुद्र तिशीच्या आसपास असतो, त्यामुळे नुसत्या पाण्याने गार करणं विसरा, चिलर, म्हणजे पाणी गार करणारं मशीन, लागणारच. शिवाय मार्सेला भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर, आपल्याकडे मोठ्या भरतीला चार-पाच मीटर, तेव्हा पाणी ओढायचा पाइप नेऊन ठेवायचा कुठे इथूनच सुरुवात करावी लागेल.