मीठ, लिपिडचे पटल आणि ‘ताठरता’ या शब्दाचा घोळ : पार्श्वभूमी

नर्मदेचे पाणी आणि बोअरिंगचे पाणी यांतला फरक इंदूरकरांना साबणाच्या फेसावरूनच कळतो. काळ्या पाषाणातून आलेल्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाच्या ऋणभारित टोकांना धरून बसते आणि फेसाऐवजी पांढरा साका उरतो. क्षार आणि मेदाचे रेणू यांच्या नात्याचा हा सर्वांत ढोबळ नमुना. कोणते क्षार प्रथिनांना लवकर खाली बसवतात याचा क्रम १८८८मध्ये अंड्याच्या पांढऱ्या बलकावर लावला गेला, आणि पटलांच्या, म्हणजे पेशीभोवती असतात तशा लिपिडच्या (मेदाच्या रेणूंच्या) दुहेरी पापुद्र्यांच्या, अभ्यासात तो आजही वापरतात. मिठाने असे पटल ताठ होते की मऊ, हा इथला प्रश्न. पण पटल किती ताठ, हे आकड्यात मांडण्याची आज रूढ असलेली रीत १९७३मध्ये आली.

त्या वर्षीच्या सिद्धान्ताने पटल वाकवायला लागणारी ऊर्जा एका गुणांकात बसवली. डीओपीसी या नेहमी वापरल्या जाणाऱ्या लिपिडसारख्या द्रवावस्थेतल्या लिपिडसाठी तो सुमारे २० केटी (केटी म्हणजे त्या तापमानाची उष्णताऊर्जा), म्हणजे ८ × १०⁻²⁰ ज्यूलच्या आसपास येतो. इतके मऊ पटल नुसत्या उष्णतेने थरथरते. १९७५मध्ये तांबड्या पेशींच्या कडेची थरथर याच हिशेबात बसवली गेली. १९८६मध्ये विद्युतक्षेत्राने मोठी व्हेसिकल्स, म्हणजे पटलाच्या पाणी भरलेल्या बंद पिशव्या, फुगवण्याची पद्धत आली. विद्युतवाहक काचेवर लिपिडचा पातळ थर, वर साखरेचे पाणी, १० हर्ट्झ, सुमारे १ व्होल्ट, दोनेक तास. मात्र शरीरातल्याइतके, म्हणजे १५० मिलिमोलरच्या (मिलिमोलर म्हणजे लिटरमागे एक हजारांश मोल) आसपास मीठ असले की याच कृतीत व्हेसिकल्स नीट फुगत नाहीत. त्यामुळे पुढची बरीच मोजमापे साखरेच्या पाण्यातली आहेत. मिठाचा प्रश्न मागे राहिला तो, आमच्या मते, कुतूहलाअभावी नव्हे, या अडचणीमुळे.

खरा घोळ ‘ताठरता’ या शब्दाचा. त्यात किमान तीन वेगळ्या गोष्टी भरल्या जातात. वाकवण्याचा गुणांक ज्यूलमध्ये मोजतात. क्षेत्रफळ ताणण्याचा गुणांक न्यूटन प्रति मीटरमध्ये, साधारण ०.२४. आणि तिसरा तो पटलावरचा ताण. तो पटलाचा गुणधर्मच नाही, त्या क्षणीची स्थिती आहे. तिन्ही वाढले की थरथर किंवा लवचीकता कमी दिसते, आणि अहवालात सरसकट ‘मिठाने पटल ताठ झाले’ असे येते.

प्रत्यक्षात काय होते ते पाहा. व्हेसिकलच्या आत २०० मिलिमोलर सुक्रोज आहे, बाहेर तेवढेच ग्लुकोज. १०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड परासरणात (पटलापलीकडून पाणी ओढण्याच्या जोरात) सुमारे १९० मिलिऑस्मोल, म्हणजे जवळपास २०० मिलिमोलर साखरेइतके, भरते, म्हणून बाहेरचे जवळजवळ सगळे ग्लुकोज काढूनच ते घालावे लागते. हिशेब चुकून बाहेरचे द्रावण पातळ राहिले की पाणी आत शिरते, व्हेसिकल फुगते, पटलावर ताण येतो आणि थरथर मरते. वाकवण्याचा गुणांक होता तिथेच आहे, पण तो थरथरीच्या आलेखावरून काढतात, म्हणून वाढल्यासारखा निघतो. उलट चूकही होते. मे महिन्यात माळव्याच्या कोरड्या हवेत नमुना ठेवलेल्या छोट्या कक्षाच्या कडा ग्रीसने बंद केल्या नाहीत तर बाहेरचे पाणी उडते, व्हेसिकल सैल पडते आणि ‘मीठ मऊ करते’ असा निष्कर्ष हाती येतो. कॅमेऱ्याचा एक्स्पोजर लांब असेल तर लहान लाटा पुसल्या जातात आणि आकडा पुन्हा वर सरकतो. म्हणून ऑस्मोमीटरचा (परासरण मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा न देणारा निकाल आम्ही बाजूला ठेवतो, मग तो कितीही देखणा असो.

भारित (विद्युतभार असलेल्या) लिपिडचे प्रकरण तुलनेने सरळ आहे. सारखे भार एकमेकांना ढकलतात, वाकणे महाग होते. मीठ हे ढकलणे झाकते. झाकण्याचे अंतर, म्हणजे ज्यापलीकडे ढकलणे फारसे जाणवत नाही ते, १ मिलिमोलरला ९.६ नॅनोमीटर, १०० मिलिमोलरला ०.९६. भार विरळ असेल तर भारामुळे आलेली वाढीव ताठरता या अंतराच्या घनाबरोबर घटते, दाट असेल तर नुसत्या अंतराबरोबर. म्हणजे इथे मीठ पटलाला मऊ करते. कॅल्शियमची गोष्ट निराळी : ते फॉस्फॅटिडिलसेरीन या ऋणभारित लिपिडच्या डोक्यांना (पाण्याकडच्या टोकांना) जखडते, व्हेसिकल्स चिकटतात, प्रयोगच गोठतो.

भांडण आहे ते उदासीन (निव्वळ भार नसलेल्या) लिपिडवर. २००६मध्ये क्ष-किरणांनी दाखवले की पोटॅशियमच्या क्षारांत एकावर एक रचलेल्या पटलांच्या थरांमधले अंतर वाढते, कारण थरांमधले आकर्षण झाकले जाते. खुद्द पटलात फारसा बदल नाही. पुढच्याच वर्षी सोडियम क्लोराइडची काही मोलरपर्यंतची मात्रा वापरून ‘ताठ होते’ असा निकाल आला. दोन्ही खरे असू शकतात, कारण मात्रा वेगळी, क्षार वेगळा. गोंधळ वाढवला तो संगणकी अनुकरणांनी. अनेक बलक्षेत्रांत (अणूंमधली बले ठरवणाऱ्या सूत्रसंचांत) सोडियम पटलाला गरजेपेक्षा जास्त चिकटते, पटल आकसून जाड होते. एनएमआर या चुंबकीय मोजमापाशी तुलना केल्यावर हे उघड झाले, पण तोपर्यंत ती चित्रे पाठ्यपुस्तकी वाटू लागली होती.

आपल्याकडे मोजताना पाण्याचाही विचार हवा. कठीणपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने लिटरला ३०० मिलिग्रॅम असेल तर तो ३ मिलिमोलर. भारित लिपिडसाठी हे थोडके नाही. बोअरिंगच्या पाण्यावर चालणाऱ्या शुद्धीकरण यंत्राचे रेझिन संपत आले की वाहकता चढते, ती रोज टिपावी. आणि डीएमपीसी हे लिपिड २४ अंशांना वितळते, वितळबिंदूजवळ त्याचा वाकवण्याचा गुणांक झपाट्याने कोसळतो. इंदूरच्या जानेवारीत सकाळ आणि दुपार या रेषेच्या दोन बाजूंना पडू शकतात. मीठ बदलण्याआधी तापमान बांधून घ्यावे.