कास्तेल: कॅटलोनियाच्या मानवी मनोऱ्यांमागची दोनशे वर्षं

३० ऑगस्टच्या दुपारी विलाफ्रांका देल पेनेदेस गावात नगरपालिकेसमोरच्या चौकात पाय ठेवायला जागा नसते. स्पेनच्या कॅटलोनिया प्रदेशातलं, बार्सिलोनाहून तासाभरात गाठता येणारं हे द्राक्षमळ्यांचं गाव आहे आणि हा त्याच्या संताचा, सांत फेलिक्सचा सण. पांढऱ्या विजारी, एका रंगाचे सदरे आणि कमरेला घट्ट गुंडाळलेलं काळं कापड अशा वेशातली शेकडो माणसं एकमेकांच्या पाठीला छाती लावून उभी राहतात. त्यांच्या खांद्यांवर दुसरा थर चढतो, मग तिसरा. तेवढ्यात ग्राल्या वाजू लागते. हे आपल्या सनईच्या जातीचं, दुहेरी पात्याचं वाद्य. ते सुरू झालं की एवढा मोठा चौक एकदम गप्प होतो.

मुंबई-ठाण्यातल्या माणसाच्या तोंडून पहिला उद्गार निघतो, "अरे, ही तर दहीहंडी!" साम्य खरंच आहे. पण नजर वर नेली की फरक कळतो. वर हंडी नसते, दोर नसतो, फोडायला काहीच नसतं. सर्वांत वर एक लहान मूल पोचतं, क्षणभर हात उंचावतं आणि दुसऱ्या बाजूनं खाली उतरू लागतं. या मुलाला 'एन्शानेता' म्हणतात. त्याचा हात वर गेला की मनोरा 'चढला' असं मानतात. मात्र पूर्ण मान मिळतो तो मनोरा 'उतरला' तर, म्हणजे प्रत्येक थर न कोसळता सुटा झाला तर. उतरण्याला चढण्यापेक्षा जास्त किंमत देणारा हा नियम मला या परंपरेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटतो.

या मनोऱ्याला कॅटलान भाषेत 'कास्तेल' म्हणजे किल्ला म्हणतात, तो रचणाऱ्याला 'कास्तेलेर' आणि पथकाला 'कोल्या'. मनोऱ्याचं नाव एखाद्या हिशेबासारखं असतं. 'चाराचा आठ' म्हणजे दर थराला चार माणसं आणि एकूण आठ थर. वरचे तीन थर मात्र नेहमी लहान मुलांचे. प्रत्येक थरावर एकच माणूस असेल, म्हणजे आपले गोविंदा ज्याला एक्का म्हणतात तसे एक्क्यावर एक्के असतील, तर तो 'पिलार', म्हणजे खांब.

या किल्ल्यांचं मूळ विलाफ्रांकात नाही. ते थोडं दक्षिणेला, तारागोनाजवळच्या वाल्स या गावात आहे. अठराव्या शतकात या भागातल्या मिरवणुकांत 'वालेन्सियाकरांचा नाच' नावाचा एक प्रकार असे. नाचाच्या शेवटी नर्तक एकमेकांच्या खांद्यांवर चढून छोटा मनोरा करत. वाल्समध्ये हा शेवटच मुख्य होऊन बसला. मनोरा वाढत गेला, नाच गळून पडला. वालेन्सिया प्रांतातल्या आल्जेमेसी गावी मात्र ७ आणि ८ सप्टेंबरच्या देवीच्या उत्सवात 'मुइशेरांगा' म्हणून नाच आणि मनोरा अजून एकत्र नांदतात. एकाच बीजाची दोन झाडं बघायची असतील तर प्रवाशानं ही दोन्ही गावं करावीत.

वाल्समध्ये मनोरा उंच का होत गेला, याचं एक उत्तर ईर्षा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावात दोन कोल्या होत्या, एक शेतकऱ्यांची आणि एक कारागिरांची. आजही तिथे दोनच मोठ्या कोल्या आहेत, 'वेल्या' म्हणजे जुनी आणि 'जोवेस' म्हणजे तरुणांची. कुठल्या घरानं कुठल्या कोल्याचा सदरा घालायचा, हे पुष्कळदा जन्मानंच ठरतं.

दुसरं उत्तर द्राक्षांचं आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तारागोनाच्या आसपासचा हा पट्टा वाईन आणि ब्रँडीवर जगत होता. रेउस या बाजारपेठेतला ब्रँडीचा भाव लंडन आणि पॅरिसच्या भावासोबत सांगितला जाई, इतका हा व्यापार मोठा होता. हाती पैसा आला की गावं आपापला वार्षिक सण थाटात करत आणि वाल्सच्या कोल्यांना मानधन देऊन बोलावत. १८६०च्या दशकात फ्रान्समधल्या द्राक्षवेलींना फिलोक्सेरा ही मुळं खाणारी कीड लागली. फ्रेंच मळे ओस पडले आणि कॅटलान वाईनला न भूतो अशी मागणी आली. मनोऱ्यांचा पहिला सुवर्णकाळ नेमका याच वर्षांतला आहे. त्या काळात नऊ थरांचे किल्ले उभे राहिले.

मग तीच कीड १८७९ मध्ये फ्रान्स आणि स्पेनमधला पिरेनीज पर्वत ओलांडून कॅटलोनियात आली. उत्तरेकडून मळे मारत ती पेनेदेस आणि तारागोनाच्या बाजूला सरकली. वेली उपटून टाकाव्या लागल्या. अमेरिकन मुळांवर कलमं करून मळे पुन्हा उभे करायला वर्षं लागली आणि तोवर हजारो तरुण बार्सिलोनाच्या गिरण्यांत गेले. खांदेच गेले, तर थर कुठून लागणार? विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्या सहा-सात थरांवर आल्या. एका किड्यानं आधी एक परंपरा आभाळाला टेकवली आणि मग तिलाच जमिनीवर आणलं.

१९२६ पासून एल वेन्द्रेल आणि तारागोना इथे नव्यानं पथकं उभी राहिली. १९३२ मध्ये तारागोनात मनोऱ्यांची पहिली स्पर्धा झाली. उभारी येत होती, इतक्यात १९३६ चं यादवी युद्ध आलं आणि १९३९ मध्ये हुकूमशहा फ्रँकोची राजवट. कॅटलान भाषा शाळांतून आणि सरकारी कामकाजातून हद्दपार झाली. मनोऱ्यांवर सरसकट बंदी आली नाही, पण त्यांना 'एका स्पेनच्या' लोककलांच्या ताटातल्या चटणीएवढी जागा उरली.

स्पेन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येणारं चित्र त्याच काळात पक्कं झालं. १९५९ नंतर देशाला परकीय चलनाची निकड होती आणि किनाऱ्यावर ऊन भरपूर होतं. पर्यटन खात्यानं 'स्पेन इज डिफरंट' ही घोषणा जगभर नेली. भित्तिपत्रकांवर फ्लॅमेन्को नर्तकी, पंखा, बैल आणि मॅटाडोर. १९६० मध्ये सुमारे ६० लाख परदेशी पाहुणे आले होते, १९७० मध्ये सुमारे २ कोटी ४० लाख. फ्लॅमेन्को ही दक्षिण स्पेनमधल्या अँडालुसियाची, तिथल्या जिप्सी घराण्यांची खोल कला. पण तिच्या प्लास्टिकच्या बाहुल्या हजार किलोमीटर दूर कॅटलोनियाच्या किनाऱ्यावर 'स्पेनची आठवण' म्हणून विकल्या जाऊ लागल्या. यात अन्याय दोघांवर झाला. कॅटलान माणसाच्या अंगणात त्याचं नसलेलं चित्र लावलं गेलं आणि अँडालुसियाची कला बाहुलीएवढी झाली. २०११ मध्ये गाजलेल्या एका हिंदी चित्रपटानंतर भारतीय प्रवासी मोठ्या संख्येनं स्पेनकडे वळले. तेही बहुतेक टोमॅटो, बैल आणि फ्लॅमेन्को या तीन शब्दांची यादी घेऊनच निघाले.

१९७५ मध्ये फ्रँको गेला. १९७८ च्या राज्यघटनेनं स्वायत्ततेचा हक्क मान्य केला आणि पुढच्या काही वर्षांत देशात १७ स्वायत्त प्रदेश झाले. गॅलिसियाच्या चामडी पिशवीच्या बासऱ्या, बास्क प्रदेशातल्या दगड उचलण्याच्या शर्यती, असं बरंच काही उघड्यावर, अभिमानानं आलं. कॅटलोनियाला १९७९ मध्ये स्वायत्ततेचा कायदा मिळाला आणि मनोरे वाढू लागले. १९८०च्या दशकात सर्वांत मोठा बदल झाला. स्त्रिया कोल्यांत आल्या. तोवर त्यांना मनोऱ्यात जागा नव्हती. त्यांच्या येण्यानं वरचे थर हलके झाले, पायथ्याला माणसं मिळाली आणि मुलंही आली, कारण आता अख्खं घर सरावाला जाऊ शकत होतं. २५ ऑक्टोबर १९८१ रोजी वाल्सच्या जुन्या कोल्यानं 'चाराचा नऊ' उतरवला. विसाव्या शतकातला हा पहिला नऊ थरांचा किल्ला.

दहा थरांचा मनोरा पहिल्यांदा उतरला तो १९९८ मध्ये, आणि तो वाल्समध्ये नाही, विलाफ्रांकातही नाही. तो तेरासा या कापड गिरण्यांच्या शहरात १९७९ मध्ये स्थापन झालेल्या पथकानं रचला. अशा औद्योगिक शहरांत अँडालुसिया, मुर्सियाहून पोटासाठी आलेल्यांची मोठी वस्ती. त्यांच्या मुलांनी कास्तेल आपलं मानलं. पायथ्याला जात, भाषा, वय विचारलं जात नाही, फक्त तुमची उंची बघून जागा दिली जाते. या उंच किल्ल्यांना एक पायथा पुरत नाही. मुख्य पायथा म्हणजे 'पिन्या'. त्याच्यावर दुसऱ्या थराला आधार देणारा छोटा पायथा 'फोल्रे', आणि त्याच्याही वर 'मनील्येस'. कमरेचं काळं कापड, 'फाशा', शोभेचं नसतं. काही मीटर लांबीचं हे कापड कंबरेला आधार देतं आणि चढणाऱ्याच्या पायाला पायरी.

नोव्हेंबर २०१० मध्ये नैरोबीत झालेल्या युनेस्कोच्या बैठकीत कास्तेल मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. त्याच बैठकीत फ्लॅमेन्कोही गेलं आणि मायोर्का बेटावरचं 'सिबिलाचं गाणं'सुद्धा. भित्तिपत्रकावर एकीलाच जागा होती, यादीत तिघांना स्वतंत्र ओळ मिळाली. तारागोनाची स्पर्धा आता सम वर्षांत ऑक्टोबरच्या सुरुवातीला होते, तीही तिथल्या जुन्या बुलरिंगमध्ये. जिथे बैल मारले जात, त्या गोल मैदानात आता मुलं आभाळाकडे चढतात.

मुलांचं हे चढणं कुणी हलक्यात घेत नाही. २००६ मध्ये बार्सिलोनाजवळच्या मातारोत एका पथकातली लहान मुलगी पडून दगावली. त्यानंतर वर चढणाऱ्या मुलांना खास बनवलेलं हेल्मेट आलं. आपल्याकडे २०१२ मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान पथकानं ठाण्यात नऊ थरांचा विक्रम केला. दोनच वर्षांनी मुंबई उच्च न्यायालयात थरांची उंची आणि बालगोविंदांचं वय यांवर वाद उभा राहिला. तेव्हा हेच प्रश्न आपल्या दारात आले होते. कास्तेलेरही मुंबई-ठाण्यात येऊन मनोरे रचून गेले आहेत. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचे खांदे समजायला दुभाषा लागला नसावा.

जायचं असेल तर तारखा धरून जावं: तारागोनात १९ ऑगस्ट आणि २३ सप्टेंबर, विलाफ्रांकात ३० ऑगस्ट, वाल्समध्ये २४ जूनचा सांत जोआन आणि ऑक्टोबरअखेरचा सांता उर्सुला. बार्सिलोनात २४ सप्टेंबरच्या आसपास ला मेर्से हा सण. चौकात कडेला उभ्या असलेल्या पाहुण्यांनाही पुष्कळदा पिन्यात बोलावतात. बोलावलं तर कॅमेरा ठेवून द्यावा, चष्मा आणि घड्याळ काढावं, पुढच्याच्या पाठीला छाती लावून हात वर करून उभं राहावं. हनुवटी खाली. वर बघायचं नाही, कारण कुणी पडलं तर मान सापडते. त्यामुळे पिन्यातल्या माणसाला मनोरा दिसतच नाही. त्याला फक्त ग्राल्या ऐकू येते. सूर बदलला की कळतं, वर हात उंचावला गेला. पण हात तेव्हा सोडायचे नाहीत, कारण मूल अजून वरच आहे.