हायजिनिक दार आणि फायर डोअर: एका पल्ल्यावर दोन वेगळी कामं

रुग्णालयाच्या दारांचा कॅटलॉग उघडला की 'हायजिनिक फायर डोअर' हे शब्द सलग छापलेले दिसतात, जणू ती एकच वस्तू. बांधकामाच्या बैठकीतही तेच होतं. आर्किटेक्ट फायर रेटिंग, म्हणजे दार आग किती वेळ रोखतं, ते विचारतो, इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर पृष्ठभागाबद्दल विचारते, पुरवठादार दोघांनाही 'हो, आहे' म्हणतो आणि विषय मिटतो. खरं तर मिटत नाही. दोघांना मिळालेला होकार वेगवेगळ्या दारांबद्दलचा असू शकतो: एक नमुना आगीच्या चाचणीच्या भट्टीत टिकलेला, दुसरा ब्लीचने पुसायला योग्य, आणि साइटवर उतरतो तो तिसराच.

मूळ फरक असा आहे. हायजिनिक असणं हा बराचसा पृष्ठभागाचा गुण आहे: पल्ला, म्हणजे दाराची उघडमीट होणारी फळी, गुळगुळीत आहे का, पाणी शोषतो का, सांधे किती, रसायन सोसतो का. फायर रेटिंग मात्र पल्ल्याला मिळतच नाही. ते मिळतं अख्ख्या संचाला: पल्ला, चौकट, बिजागऱ्या, लॅच (मिटल्यावर दार अडकवून ठेवणारी खिट्टी), क्लोजर (दार आपोआप मिटवणारं यंत्र), काच, सील आणि त्यांच्यामधली फट या सगळ्यांना मिळून. यातली एक गोष्ट बदलली की जे भट्टीत तपासलं होतं ते दार आता तुमच्याकडे नाही. त्यामुळे 'फायर रेटेड पल्ला घेऊ, चौकट इथल्या फॅब्रिकेटरकडून करून घेऊ' असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबवावं.

भट्टीत काय बघतात

फायर डोअरची चाचणी म्हणजे अख्खं दार भिंतीत बसवून त्याच्या एका बाजूला ठरलेल्या आलेखानुसार तापवलेली भट्टी. प्रमाणित आलेखात ३० मिनिटांना तापमान सुमारे ८४२ अंश सेल्सिअस असतं, ६० मिनिटांना ९४५. परीक्षक उभा असतो दुसऱ्या बाजूला. फटीतून गरम वायू येतोय अशी शंका आली की तिथे तो कापसाची गादी धरतो. ती पेटली तर दार नापास. ६ मिलिमीटर आणि २५ मिलिमीटर जाडीचे दोन गेज फटींत घालून बघतो. पलीकडच्या बाजूला सलग १० सेकंदांपेक्षा जास्त ज्वाळ दिसली तरीही नापास. युरोपीय वर्गीकरणात याला 'ई' म्हणतात, म्हणजे आग पलीकडे जाऊ दिली नाही.

पण दार उभं राहिलं म्हणजे ते थंड राहिलं असं नाही. त्यासाठी 'आय' हे अक्षर आहे: पलीकडच्या बाजूचं सरासरी तापमान सुरुवातीपेक्षा १४० अंशांहून जास्त वाढता कामा नये, आणि एखाद्या बिंदूवर १८० अंशांहून जास्त नको. या अक्षरामागे '१' किंवा '२' असा आकडाही येतो. कडेच्या किती जवळ तापमान मोजायचं हे त्यावरून ठरतं, आणि '१' जास्त कडक आहे.

रुग्णालयात हे अक्षर महत्त्वाचं का? कार्यालयात आग लागली की माणसं जिन्याने खाली उतरतात. आयसीयूतला रुग्ण उतरत नाही. त्याला पलंगासकट त्याच मजल्यावर शेजारच्या कंपार्टमेंटमध्ये, म्हणजे आग रोखणाऱ्या भिंती-दारांनी वेगळ्या केलेल्या भागात, ढकलत नेतात आणि तिथे थांबवतात. म्हणजे आगीचं दार आणि माणूस यांच्यात कधी कधी एका पलंगाचंच अंतर उरतं. आतून पोकळ किंवा साधं भरण असलेलं स्टीलचं दार 'ई ६०', म्हणजे ६० मिनिटांचं 'ई', सहज मिळवू शकतं, पण त्याचा पत्रा पलीकडून जवळ उभं राहवणार नाही इतका तापतो. 'स्टीलचं आहे म्हणजे फायर डोअर' आणि 'स्टेनलेस आहे म्हणजे हायजिनिक' ही दोन अर्धसत्यं एकत्र आली की नेमकं असं दार कंपार्टमेंटच्या रेषेवर बसतं. माझं मत विचाराल तर रुग्ण थांबणार असलेल्या बाजूला नुसत्या 'ई'वर समाधान मानू नये.

काचेचंही असंच. तारेची जाळी असलेली काच आग अडवते, उष्णता अडवत नाही. उष्णता अडवणाऱ्या काचेत पातळ थर असतात. ते तापले की दुधट होऊन फुगतात आणि काच अपारदर्शक होते. दाराला 'ईआय' (दोन्ही अक्षरं) हवं आणि काच फक्त 'ई'ची, असा संच कागदावरही जुळत नाही.

हायजिनला भट्टी नाही

फायरच्या बाजूला निदान एक भट्टी आहे, एक निकाल आहे. 'हायजिनिक' या शब्दामागे अशी एकच सर्वमान्य चाचणी नाही, आणि विक्रीच्या भाषेला तिथे मोकळं रान मिळतं.

'अँटिबॅक्टेरियल' हा शब्द घ्या. त्यामागे बहुधा आयएसओ २२१९६ ही चाचणी असते. तिच्यात नमुन्यावर जिवाणूंचा द्रव टाकून वर फिल्म लावतात आणि ३५ अंशांना, ९० टक्क्यांहून जास्त आर्द्रतेत, २४ तास ठेवतात. वॉर्डाच्या दाराची पुश प्लेट कोरडी असते, एसीत असते, आणि दर काही मिनिटांनी नवा हात लागतो. चाचणी खोटी नाही, पण ती दाराच्या रोजच्या आयुष्याची नाही. चांदीचे आयन मिसळलेलं कोटिंग असलं म्हणून पुसायचं सोडता येत नाही, आणि पुसायचंच असेल तर आधी विचारायला हवं की हे दार पुसणं सोसतं का.

तिथे खरी परीक्षा रसायनांची आहे. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसाइल या जुलाब घडवणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंवर अल्कोहोल चालत नाही. तिथे क्लोरीन लागतं, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. आणि क्लोरीन स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पाडतं. ३०४ दर्जाच्या स्टीलला लवकर, ३१६ ला उशिरा, कारण ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं. ब्लीच लावून ठरलेला वेळ ठेवल्यावर साध्या पाण्याने पुसून घेतलं तर ३०४ सुद्धा बरंच टिकतं, पण हाउसकीपिंगच्या पाळीत ती दुसरी फेरी नेहमी होतेच असं नाही. लॅमिनेटच्या दारात दुखणं वेगळं. पृष्ठभाग उत्तम असतो, कड फुगते. पल्ल्याच्या तळाची कापलेली बाजू बहुतेक वेळा सील केलेली नसते, कारण ती कोणाला दिसत नाही. मॉपचं पाणी रोज तिथेच पोचतं.

दोन्ही जिथे एकमेकांशी भांडतात

एका दाराकडून दोन्ही कामं हवी असली की मुख्य भांडण कडेला होतं. फायर डोअरच्या कडेला किंवा चौकटीत इन्ट्युमेसंट पट्टी बसवलेली असते. ती तापली की फुगते आणि फट भरून काढते. ग्राफाइटच्या पट्ट्या साधारण २०० अंशांच्या आसपास काम सुरू करतात. स्वच्छतेच्या दृष्टीने मात्र प्रत्येक खाच म्हणजे धूळ धरणारी जागा. म्हणून पट्टी कडेच्या आवरणाखाली झाकलेली असलेलं दार रुग्णालयाला बरं, अर्थात चाचणी त्या झाकलेल्या अवस्थेत झालेली असेल तरच. बसवताना कोणी हौसेने त्यावर सिलिकॉन फिरवलं, तर स्वच्छता वाढल्यासारखी दिसते आणि रेटिंग संशयात जातं.

दुसरं भांडण आवरणाचं. जुनं फायर डोअर खराब झालं, ट्रॉल्यांनी ठोकलं, म्हणून त्यावर पीव्हीसीची शीट चिकटवून 'हायजिनिक' करायचं, हा सर्रास चालणारा उद्योग आहे. फायर डोअरच्या चाचणीच्या युरोपीय मानकात, ईएन १६३४-१ मध्ये, चाचणीनंतर काय बदललं तर चालेल याचे नियम आहेत: उष्णतारोधक ठरलेल्या बिजागरीच्या दाराच्या दर्शनी बाजूंवर १.५ मिलिमीटरपर्यंतचं सजावटी लॅमिनेट चालतं, कडांवर नाही. २ मिलिमीटरची पीव्हीसी शीट कडेवरून वळवून लावली तर दोन्ही अटी मोडल्या. अमेरिकेच्या एनएफपीए ८० या फायर डोअरच्या मानकात साइटवर लावलेली किक प्लेट (पल्ल्याच्या खालच्या भागावर ठोकरींपासून बचावासाठी लावलेला पत्रा) दाराच्या तळापासून १६ इंचांपर्यंतच मान्य आहे. त्याहून उंच प्लेट हवी असेल तर ती मूळ मान्यतेतच असावी लागते. सारांश इतकाच की आवरण कारखान्यातून, त्याच चाचणी अहवालासकट यायला हवं.

तिसरी गल्लत सगळ्यात फसवी आहे. ऑपरेशन थिएटरचं हर्मेटिक सरकतं दार बंद होताना फ्लोअरला आणि चौकटीला दाबून बसतं, हवा जवळजवळ जाऊ देत नाही. बघणाऱ्याला वाटतं, हवाच जात नाही तर धूर कसा जाईल? पण त्याचं रबर साध्या तापमानासाठी आहे. उलट बाजूने, इन्ट्युमेसंट पट्टी असलेल्या फायर डोअरमधून धूर खुशाल जातो, कारण आगीपासून लांब आलेला धूर थंड झालेला असतो आणि पट्टी फुगण्याइतकी उष्णता त्यात उरलेली नसते. धूर अडवणं हा तिसराच गुण आहे आणि त्याची चाचणीही वेगळी आहे: ईएन १६३४-३. 'एसए' म्हणजे साध्या तापमानाचा धूर, 'एस२००' म्हणजे २०० अंशांचा. रुग्णालयाच्या आगीत माणसं ज्वाळेपेक्षा धुराने जास्त जातात, त्यामुळे प्रमाणपत्रावर हे अक्षर शोधायलाच हवं.

दार बंद होणं आणि बंद राहणं यातही फरक आहे. १९६१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या हार्टफर्ड हॉस्पिटलमध्ये कचरा खाली टाकायच्या शूटमध्ये (उभ्या नळीत) लागलेली आग नवव्या मजल्यावर बाहेर पडली आणि १६ जण गेले. त्याच मजल्यावर ज्या खोल्यांची दारं बंद होती तिथले बरेच जण वाचले. लॅच बसणं इतकं महत्त्वाचं आहे की अमेरिकेत रुग्णालयाच्या कॉरिडॉरच्या दारांना रोलर लॅच, म्हणजे नुसत्या धक्क्याने उघडणारं लॅच, चालत नाही. आणि इन्फेक्शन कंट्रोलला हवं असतं नेमकं धक्क्याने, कोपराने, हात न लावता उघडणारं दार. यावर उपाय आहेत: सेन्सरवर चालणारा ऑपरेटर (दार उघडणारं यंत्र), जो अलार्म वाजला की उघडायचं थांबवतो, दार ओढून घेतो आणि लॅच बसवतो, किंवा चुंबकावर उघडं धरलेलं दार, जे अलार्मला सुटतं. दाराखाली लाकडाचा तुकडा सरकवणं हा उपाय नाही, पण जड क्लोजर लावून चुंबक द्यायला विसरलं की पहिल्याच आठवड्यात तो तुकडा येतो. त्यात वॉर्डबॉयचा दोष नाही.

कुठे काय

प्रत्येक दाराला दोन्ही गुण लागत नाहीत, आणि हे मान्य केलं की निवड सोपी होते. आधी फायरचा नकाशा घ्यावा, कंपार्टमेंटच्या रेषा बघाव्यात, मग त्याच नकाशावर स्वच्छतेचे विभाग रंगवावेत. लिनन स्टोअर, इलेक्ट्रिकल रूम, जिना: इथे आग आणि धूर, पृष्ठभाग साधा चालेल. स्क्रब एरियातून (शस्त्रक्रियेआधी हात धुण्याच्या जागेतून) थिएटरमध्ये जाणारं आतलं दार रेषेवर नसेल तर तिथे स्वच्छता आणि हवाबंदपणा पुरे, फायर रेटिंगसाठी पैसे घालवू नयेत. खरी डोकेदुखी दोन्ही रंग एकमेकांवर येतात त्या मोजक्या दारांची: थिएटर विभागाचं मुख्य दार, आयसीयूचं दार, आयसोलेशन खोली. तिथेच एकाच चाचणी अहवालात बसणारं दार मागायचं, त्यावर चौकट, काच, सील, हार्डवेअर आणि आवरण सगळं नावानिशी असायला हवं. मधल्या दारांवर वाचवलेला पैसा इथे लावावा.

आयसोलेशन खोली, म्हणजे संसर्गाच्या रुग्णाला वेगळं ठेवण्याची खोली, खास त्रासाची. तिथे आतला दाब कमी ठेवतात आणि हवा बाहेरून आत यावी म्हणून दाराखाली फट सोडण्याची पद्धत आहे. धुरासाठी तीच फट नको. अशा वेळी हवेची वाट दाराखालून न देता भिंतीतून फायर अँड स्मोक डॅम्परमार्फत (आग-धूर आला की मिटणाऱ्या झडपेतून) द्यावी लागते, आणि हे एचव्हीएसीच्या, म्हणजे हवा खेळवण्याच्या यंत्रणेच्या, ड्रॉइंगमध्ये ठरतं, दाराच्या ऑर्डरमध्ये नाही.

दाबाचा हिशेब ताबा घेतानाही करावा लागतो. १ मीटर रुंद, २.१ मीटर उंच पल्ल्यावर १५ पास्कल दाबाचा फरक म्हणजे सुमारे ३१ न्यूटन बल. ते पल्ल्याच्या मध्यावर लागतं, म्हणून हँडलपाशी त्याच्या निम्मं, साधारण दीड किलो वजनाएवढं जाणवतं. क्लोजर शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये कमी पडायला एवढं पुरतं: दार मिटल्यासारखं दिसतं, लॅच बसलेलं नसतं. फिटर येतो तेव्हा एअर हँडलिंग युनिट बहुधा सुरू झालेलं नसतं, दार छान मिटतं आणि तो सही घेऊन जातो. म्हणून ही तपासणी दोनदा मागून घ्या, एकदा हवा चालू ठेवून आणि एकदा फायर अलार्म देऊन हवा बंद पडल्यावर. दोन्ही वेळा दार अर्धवट उघडून सोडा, पूर्ण उघडून सोडा, आणि लॅचचा आवाज कानाने ऐका.