बोयाकातील रस्ता-सायकलिंग

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या बोयाका प्रांतात डांबरी रस्त्यांवरून, घाट चढत आणि स्पॅनिश वसाहतकाळातील गावे जोडत केल्या जाणाऱ्या सायकलस्वारीचा हा परिचय आहे. या प्रांतात सायकल एकाच वेळी शेतमजुराचे वाहन, शाळकरी मुलाची सोय आणि शर्यतीचे साधन आहे. हे तिन्ही उपयोग एकमेकांत मिसळलेले असल्यामुळे तिथल्या सायकलिंगला युरोपातील हौशी किंवा व्यावसायिक सायकलिंगपेक्षा निराळे रूप आले आहे.

बोयाका अँडीजच्या पूर्व रांगेवर पसरलेला आहे. पश्चिमेकडे माग्दालेना नदीच्या खोऱ्यातील प्वेर्तो बोयाका हे शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम दीडशे मी. उंचीवर आहे, तर ईशान्येकडील एल कोकुई हिमरांगेतील रिताकुबा ब्लांको हे शिखर 5,400 मी.हून उंच आहे. सायकलस्वारीचा खरा मुलूख या दोहोंच्या मधला, साधारण 2,500 ते 2,900 मी. उंचीवरचा पठारी पट्टा होय. प्रांताची राजधानी तुन्हा सुमारे 2,800 मी.वर आहे आणि पाईपा, दुईतामा व सोगामोसो ही मोठी गावे तिच्या ईशान्येस आहेत. प्रांतात 123 नगरपालिका असून बहुतेक गावांची रचना सारखी आहे. मध्यभागी चौकोनी चौक, त्याच्या एका अंगाला चर्च, भोवती पांढऱ्या भिंतींची कौलारू घरे आणि चौकातून बाहेर पडताच सुरू होणारी चढण असे चित्र जागोजागी दिसते.

तुन्ह्याच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या सुमारे 70 टक्के असतो. प्रत्येक श्वासात त्या प्रमाणात प्राणवायू कमी मिळत असल्यामुळे सपाटीवरून आलेला सायकलस्वार आठ-दहा किमी.च्या बेताच्या चढणीवरही धापा टाकू लागतो. पाय थकलेले नसतात, पण छाती साथ देत नाही. युरोपातील अनेक घाटांशी तुलना करता बोयाकातील मुख्य रस्त्यांची चढण फारशी खडी नाही; ते रस्ते मालवाहू ट्रकांसाठी आखलेले आहेत. मात्र युरोपातील नामवंत घाट जिथे संपतात, त्याहून अधिक उंचीवर इथला घाट सुरू होतो. विरळ हवेचा एक फायदाही आहे. वाऱ्याचा अडथळा कमी झाल्याने उतारावर सायकल झपाट्याने वेग घेते, आणि थंडीने बधिर झालेल्या बोटांनी ब्रेक दाबणे हे कौशल्य इथे चढण चढण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

कोलंबियाच्या सायकलपटूंचे यश अनेकदा केवळ या उंचीच्या खात्यावर जमा केले जाते. लहानपणापासून विरळ हवेत वाढलेल्या शरीराला लाभ होतो हे खरे. तरी तेवढेच कारण पुरेसे असते, तर याहून उंच बोलिव्हिया व पेरू या देशांतूनही अशीच खेळाडूंची फळी उभी राहिली असती. बोयाकात उंचीच्या जोडीला आणखी दोन गोष्टी होत्या: विखुरलेल्या वाड्यांना बाजारगावाशी जोडणारे लांब रस्ते आणि त्या रस्त्यांवरून दरवर्षी जाणारी शर्यत.

ती शर्यत म्हणजे व्हुएल्ता आ कोलोंबिया, अर्थात कोलंबियाची परिक्रमा. ती 1951च्या जानेवारीत प्रथम भरली. तेव्हाचे बरेच रस्ते कच्चे होते आणि अँडीजच्या रांगा सायकलने ओलांडता येतील यावर आयोजकांचाच विश्वास नव्हता. सिपाकिरा गावच्या एफ्राइन फोरेरो यांनी शर्यतीपूर्वी लेत्रासचा प्रचंड घाट सायकलने चढून ती शंका फेडली आणि पुढे पहिली परिक्रमाही त्यांनीच जिंकली. रेडिओवरील धावत्या समालोचनामुळे शर्यत गावोगावच्या दुकानांत पोहोचली. वर्तमानपत्र न वाचणाऱ्या शेतकऱ्यालाही कोण कोणत्या घाटात किती मिनिटे मागे आहे हे तोंडपाठ असे. घाट चढणाऱ्या कोलंबियन सायकलपटूंना ‘एस्काराबाहो’, म्हणजे भुंगेरा, हे टोपणनाव मिळाले ते याच काळात. बोयाकाच्या कुकाईता गावचे राफाएल आंतोनियो निन्यो यांनी 1970 ते 1980 या काळात ही शर्यत सहा वेळा जिंकली. सोगामोसोचे फाबियो पार्रा 1988च्या टूर द फ्रान्समध्ये तिसरे आले, तर रामिरिकीचे माउरिसियो सोलेर यांनी 2007 साली त्याच शर्यतीत घाटांचा राजा हा किताब मिळवला.

या परंपरेतील सर्वांत परिचित नाव नायरो किंताना यांचे आहे. त्यांचे बालपण कोम्बिता परिसरातील एका वाडीत, शेतकरी कुटुंबात गेले, आणि आर्काबुको येथील शाळेत ते सायकलने जात असत. हे अंतर सुमारे 16 किमी. असून परतीचा रस्ता चढणीचा आहे. 2013 साली टूर द फ्रान्समध्ये ते दुसरे आले, 2014 साली त्यांनी इटलीची जिरो आणि 2016 साली स्पेनची व्हुएल्ता या परिक्रमा-शर्यती जिंकल्या. बसचे भाडे वाचवण्यासाठी चालवलेल्या सायकलीतून विजेता घडला, अशी ही कहाणी वर्तमानपत्रांनी बरीच रंगवून सांगितली आहे. तिच्यातली भावुकता वजा केली तरी मुख्य मुद्दा उरतोच: ज्या रस्त्यावर सराव झाला, तो कामाचा आणि शाळेचा रस्ता होता.

आर्काबुकोचा हा रस्ता आज प्रांतातील लोकप्रिय मार्गांपैकी एक आहे. तुन्ह्याहून वायव्येकडे निघाल्यावर बटाट्याची शेते आणि कुरणे ओलांडत तो घाटमाथ्यावर येतो आणि मग आर्काबुकोकडे उतरतो. तिथे चीज आणि मक्याच्या पिठाचे अल्मोहाबाना नावाचे मऊ, गोल पाव भट्टीतून काढून गरम विकले जातात. पुढे मोनिकिरापर्यंत रस्ता सतत उतरतो. तुन्ह्यापासून एक हजार मी.हून अधिक उंची कमी होते, अंगावरचे जाकीट काढावे लागते आणि कडेला ऊस दिसू लागतो. सुआरेस नदीच्या या खोऱ्यात उसाचा रस कढईत आटवून ‘पानेला’ बनवतात. पानेला म्हणजे आपला गूळच. साखर कारखान्याची पांढरी साखर न करता रस तसाच घट्ट केलेला. गुऱ्हाळासमोरून जाताना जो वास येतो तो कोल्हापूरकडच्या माणसाला ओळखावा लागणार नाही. हा गूळ पाण्यात उकळून केलेले ‘आग्वापानेला’ हे पेय कोलंबियन सायकलस्वार पिढ्यान्‌पिढ्या बाटलीत भरून नेत आले आहेत. पेरूच्या गराची घट्ट वडी, म्हणजे ‘बोकादियो’, चीजच्या तुकड्यासह खिशात ठेवतात. आयात केलेल्या ऊर्जावर्धक जेलच्या पाकिटांपेक्षा ती स्वस्त असते आणि दोन्ही चाखलेल्यांना निवड करताना फार विचार करावा लागत नाही.

तुन्ह्याहून पश्चिमेकडील व्हिया दे लेइवाचा मार्ग मात्र वेगळ्या स्वभावाचा आहे. शहराबाहेरची चढण संपली की तो निन्यो यांच्या कुकाईतावरून सासिकाच्या कोरड्या, तांबूस टेकड्यांमध्ये उतरतो. सुमारे 2,150 मी. उंचीवरील व्हिया दे लेइवाची स्थापना 1572 साली झाली. तिथला मुख्य चौक जवळजवळ 14,000 चौ. मी.चा असून त्यावर गोटे बसवलेले आहेत. रस्त्याच्या सायकलीचे अरुंद, कडक हवा भरलेले टायर त्या गोट्यांवर टिकत नाहीत, म्हणून चौकाच्या तोंडाशी सगळेच उतरतात आणि बुटांच्या तळाशी लावलेल्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या पट्ट्यांचा खडखड आवाज करत सायकल हाताने ढकलत नेतात. हा भूभाग एके काळी समुद्राखाली होता. त्याच्या खुणा म्हणून अॅमोनाइट या नामशेष सागरी प्राण्यांचे सर्पिल जीवाश्म घरांच्या भिंतींत व फरसबंदीत चिणलेले दिसतात. परतीचा प्रवास बहुतांशी चढाचा असल्याने अनेक जण तो बसने करतात. ही कबुली प्रवासवर्णनांत क्वचितच आढळते.

ईशान्येकडील खोऱ्यात इतिहास आणि शर्यत दोन्ही जवळजवळ नांदतात. पाईपाजवळच्या पांतानो दे व्हार्गास येथे 25 जुलै 1819 रोजी स्वातंत्र्ययुद्धात सिमोन बोलिव्हार या स्वातंत्र्यसेनानीच्या फौजेने स्पॅनिश सैन्याशी झुंज दिली. त्यातील चौदा भालाईत घोडेस्वारांचे, रोद्रिगो आरेनास बेतांकुर यांनी घडवलेले भव्य स्मारक रस्त्यावरून दिसते. निर्णायक लढाई 7 ऑगस्ट 1819 रोजी तुन्ह्याच्या दक्षिणेस बोयाका पुलावर झाली, आणि देशाची राजधानी बोगोताहून सायकलने येणारे या पुलाजवळ हमखास थांबतात. दुईतामा येथे 1995 साली जागतिक रस्ता-सायकलिंग अजिंक्यपद स्पर्धा भरली. पुरुषांच्या शर्यतीत 17.7 किमी.च्या, घाट असलेल्या वर्तुळाकार मार्गाच्या 15 फेऱ्या होत्या. स्पेनचे आब्राहाम ओलानो यांनी शेवटच्या टप्प्यात मागचे चाक पंक्चर झालेले असतानाही एकट्याने अंतिम रेषा ओलांडली. मिगेल इंदुराइन दुसरे आणि मार्को पांतानी तिसरे आले. महिलांच्या दोन्ही शर्यती, म्हणजे रस्ता-शर्यत आणि एकेकटीने घड्याळाविरुद्ध धावण्याची शर्यत, फ्रान्सच्या जानी लोंगो यांनी जिंकल्या.

सोगामोसोहून तोता सरोवराकडे जाणारा वर्तुळाकार मार्ग अनेकांना सर्वांत सुंदर वाटतो. सरोवराचा पृष्ठभागच 3,000 मी.हून उंच आहे आणि तिथे पोहोचण्याआधी त्याहून उंच खिंड ओलांडावी लागते. काठावरील आकितानिया भागात कांद्याच्या पातीचे मळे थेट पाण्यापर्यंत उतरले आहेत. दमट हवेत पातीचा उग्र वास कित्येक किमी. सोबत करतो आणि जुड्या लादलेले ट्रक चिखलाचे पट्टे रस्त्यावर सोडून जातात. मळ्यांतील खतांमुळे सरोवराचे पाणी दूषित होते, हीदेखील या देखाव्याची एक बाजू आहे. परतताना लागणाऱ्या इसा या लहान गावाच्या चौकात घरगुती मिठाया विकण्याची प्रथा आहे.

रस्त्याकडेची छोटी दुकाने हा या सायकलिंगचा कणा आहे. दुकानदार अनोळखी सायकलस्वारालाही ‘सुमेर्से’ असे संबोधतात. ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या स्पॅनिश आदरवाचक शब्दांचे ते बोयाकात टिकून राहिलेले रूप आहे, आणि ते घरातल्या माणसालाही तितक्याच सहजपणे लावले जाते. नोब्सा गावात विणली जाणारी ‘रुआना’ म्हणजे मधोमध डोके घालण्यापुरती चीर असलेली जाड लोकरी घोंगडीच. घाटमाथ्यावर वाट पाहणारे नातेवाईक ती घाम निथळणाऱ्या सायकलस्वाराच्या खांद्यावर टाकतात.

बोगोता-तुन्हा-सोगामोसो हा चौपदरी महामार्ग रुंद असला तरी त्यावर अवजड वाहनांची वर्दळ असते, म्हणून जाणकार जुने, वळणावळणाचे रस्ते पसंत करतात. सायकलला ओलांडताना वाहनाने किमान 1.5 मी. अंतर राखावे असे 2016च्या कायद्यात म्हटले आहे, मात्र अरुंद घाटात त्याचे पालन चालकाच्या मर्जीवर अवलंबून राहते. पाऊस मुख्यतः एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पडतो आणि तेव्हा दरडी कोसळून रस्ते बंद होतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ तुलनेने कोरडा असला, तरी पहाटे पठारावर दहिवर गोठते. कोरड्या महिन्यांतही दुपारनंतर ढग दाटून येऊ शकत असल्याने स्थानिक सायकलस्वार उजाडताच निघतात आणि जेवणाच्या वेळेपर्यंत घरी परतलेले असतात.